बटव्याची दोरी कोणाच्या हाती?

अमावास्येच्या मागेपुढे, ऐन मासेमारीच्या हंगामात, मालवणच्या किनाऱ्यावर रात्री उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग किल्ल्याची काळी रेषा दिसते आणि तिच्याही पलीकडे, क्षितिजावर, प्रकाशाचे झगझगीत ठिपके दिसतात. मुंबई-पुण्याहून आलेल्या पर्यटकाला ते दृश्य मनोहर वाटते. समुद्रावर अकस्मात एखादे नगर वसावे आणि तेथे दिवाळी साजरी व्हावी, असा तो देखावा असतो. परंतु किनाऱ्यावरील गाबीत माणसाला त्या प्रकाशाचा अर्थ ठाऊक आहे. उद्या पहाटे आपल्या जाळ्यात काय येणार नाही, याची ती आगाऊ सूचना असते.

जनरेटरवर चालणारे हे प्रखर एलईडी दिवे समुद्रावर आणि पाण्याखाली सोडले जातात. प्रकाशाकडे सूक्ष्म जीव ओढले जातात, त्यांच्यामागे लहान मासळी येते, लहान मासळीमागे मोठी येते. दूरदूरच्या पाण्यातील मासळी एका ठिकाणी गोळा झाली की तिच्याभोवती पर्ससीन जाळ्याची भिंत उभी केली जाते. या जाळ्याच्या तळाला कड्या असतात आणि कड्यांतून दोर ओवलेला असतो. दोर ओढला की आजीच्या बटव्याचे तोंड आवळावे तसे जाळ्याचे तोंड खालून आवळले जाते. बटव्यात सापडलेल्या मासळीला मग वाट उरत नाही. त्यात विक्रीयोग्य बांगडा असतो, तसेच अंडी घालण्यापूर्वीचे पिल्लूही असते. बटवा निवड करीत नाही.

दुसरीकडे मलपीपासून आणि अन्य बंदरांतून येणारे अतिवेगवान ट्रॉलर आहेत. त्यांचे जाळे समुद्राचा तळ खरवडत जाते. ज्या तळावर मासळीचे अन्न असते, जेथे तिची वीण होते, तो तळच नांगरला जातो. शेतकरी जमीन नांगरतो ती पेरण्यासाठी. येथे नांगरणी आहे, पेरणी नाही. अंधारात असा ट्रॉलर किनाऱ्याजवळ घुसला, की गरीब मच्छीमाराने कर्ज काढून घेतलेली आणि पाण्यात मारून ठेवलेली जाळी क्षणात फाटून वाहून जातात. त्या ट्रॉलरवर कोण होते, त्याचा मालक कोण, हे कळण्यापूर्वी तो दिसेनासा झालेला असतो. ज्याचा चेहरा दिसत नाही, ज्याच्याशी बोलता येत नाही, ज्याला दया नाही आणि द्वेषही नाही, अशा शत्रूशी सिंधुदुर्गचा पारंपरिक मच्छीमार गेली अनेक वर्षे झुंजत आहे.

रापण : केवळ जाळे नव्हे

या लढ्यात नेमके काय पणाला लागले आहे, हे शहरात बसून कळणे कठीण आहे. म्हणून रापण म्हणजे काय ते प्रथम समजून घेतले पाहिजे. एक होडी जाळे घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ काढते. जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर असतात आणि पन्नास-साठ माणसे दोन्ही बाजूंनी ते ओढत आणतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येक हाताचा वाटा. वृद्ध झालेला माणूस खोल समुद्रात जाऊ शकत नाही, पण दोराला हात लावू शकतो. आणि दोराला हात लावणारा सहसा रिकाम्या हाताने घरी जात नाही.

भांडवल, श्रम आणि समाज यांचे असे नाते आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच सापडेल. विधवेची चूल, म्हाताऱ्याचा मान आणि तरुणाची शिस्त या तिन्ही गोष्टी ज्या व्यवस्थेत एकाच दोराने बांधल्या गेल्या होत्या, ती व्यवस्था कोणत्याही परकीय विचारवंताने सुचवलेली नव्हती. ती या मातीतून, या वाळूतून उपजली. रापणीला मर्यादा होती. ती किनाऱ्याजवळच लागे, माणसाच्या दंडात जेवढे बळ तेवढीच ओढली जाई, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की आपोआप थांबे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्याखेरीज होडी पाण्यात घालायची नाही, ही केवळ भाबडी श्रद्धा नव्हती. मासळीच्या विणीचा काळ पाळणारे ते धर्माचे विधान होते. आज शासन पावसाळी मासेमारी बंदीचा आदेश काढते. आमच्या पूर्वजांनी तोच आदेश व्रताच्या रूपाने दिला होता, आणि तो मोडणाऱ्याला दंड करण्यासाठी त्यांना गस्तीनौका लागत नव्हती.

हे यंत्र आले कोठून?

यंत्राधिष्ठित मासेमारीचा इतिहास पाहिला तर तिचे मूळ आपल्या गरजेत फारसे आढळत नाही. १९५३ साली केरळच्या किनाऱ्यावर नॉर्वेच्या साहाय्याने मत्स्यव्यवसायाचा प्रकल्प सुरू झाला. थंड समुद्रात एकाच जातीची मासळी प्रचंड थव्यांनी आढळते; तेथे जे तंत्र चालते ते उष्ण कटिबंधातील, अनेक जातींची मासळी एकत्र नांदणाऱ्या समुद्रात चालेल काय, हा प्रश्न गांभीर्याने विचारला गेला नाही. पुढे कोळंबीला परदेशी बाजारपेठ मिळाली आणि ट्रॉलर वाढत गेले. सत्तरच्या दशकात कर्नाटक व गोव्याच्या किनाऱ्यावर पर्ससीन आली. त्याच दशकात गोव्यातील रापणकार मथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले, आणि त्या आंदोलनाच्या रेट्याने १९८०चा गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. हे नेतृत्व ख्रिस्ती होते याचा उल्लेख येथे मुद्दाम करतो. समुद्रावर उदरनिर्वाह करणाऱ्या माणसाचा प्रश्न हा राष्ट्राचा प्रश्न आहे, उपासनापद्धतीचा नव्हे, हे साल्ढाणा यांनीही जाणले होते. पुढे ते भारतीय जनता पक्षाच्या वतीने गोव्याचे मंत्री झाले.

१९९१ साली तत्कालीन केंद्र सरकारने खोल समुद्रातील मासेमारीसाठी परदेशी कंपन्यांच्या संयुक्त प्रकल्पांना दरवाजे उघडले, तेव्हा देशभरातील मच्छीमार एकवटले. सरकारला मुरारी समिती नेमावी लागली आणि समितीने १९९६ मध्ये हे परवाने रद्द करण्याची शिफारस केली. परकीय जहाजांविरुद्धची ती लढाई स्वदेशीच्या विचाराने जिंकली. परंतु एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली नाही. परकीय जहाज परतवता येते; परकीय लोभ मात्र स्वदेशी नौकेवर बसून पुन्हा येतो. आज मालवणच्या समोर जी नौका दिवे पेटवून उभी असते, तिचा मालक नॉर्वेचा नाही. तो आपलाच आहे.

भावाविरुद्ध भाऊ

येथेच या प्रश्नाचे सर्वांत दुःखद अंग आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत जो संघर्ष उफाळला, तो परक्यांशी जितका झाला तितकाच आपसांतही झाला. पारंपरिक मच्छीमारांनी समुद्रात नौकांना वेढे घातले, बंदरांवर हाणामाऱ्या झाल्या, दोन्हीकडच्या तरुणांवर गुन्हे दाखल झाले. मिनी पर्ससीनवाला आणि न्हयवाला, दोघेही बहुधा एकाच समाजाचे, एकाच ग्रामदेवतेला कौल लावणारे, आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या एकाच रांगेत उभे राहणारे. एका गावात दोन वाड्या एकमेकींच्या लग्नाला जाईनाशा झाल्या, तर त्याची नोंद कोणत्या पोलीस ठाण्यात होते?

काही मंडळींना या संघर्षात वर्गयुद्ध दिसते. आहे रे आणि नाही रे यांच्या ठरीव चौकटीत त्यांना हा प्रश्न बसवायचा असतो. त्यांना विचारावेसे वाटते, की कालपर्यंत रापण ओढणाऱ्या ज्या तरुणाने बायकोचे दागिने गहाण ठेवून मिनी पर्ससीन घेतली, त्याला तुम्ही कोणत्या वर्गात टाकणार? त्याने ती चैनीसाठी घेतली नाही. मोठ्या नौकांनी समुद्र रिकामा केल्यावर उरलेल्या मासळीच्या शर्यतीत मागे पडू नये म्हणून घेतली. शेजाऱ्याने शंभर अश्वशक्तीचे इंजिन बसवले की याला दोनशेचे लागते. याने दिवे लावले की त्याला अधिक प्रखर दिवे लागतात. डिझेलचा खर्च वाढत जातो, मासळी कमी होत जाते आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. यंत्राचा मालक म्हणवणारा हा माणूस वस्तुतः यंत्राचा वेठबिगार झालेला असतो. भस्मासुराचा हात अखेर स्वतःच्याच मस्तकावर गेला, ही कथा आपल्या पूर्वजांनी उगाच सांगितली नाही.

दुसऱ्या बाजूला प्रगतीचे स्वयंघोषित भाट आहेत. त्यांच्या मते पारंपरिक मच्छीमार मागासलेला, काळाची पावले न ओळखणारा. निर्यातीतून परकीय चलन मिळते, म्हणून समुद्रावर निर्बंध नकोत, असा त्यांचा युक्तिवाद असतो. निर्यात देशाला हवीच. परंतु अंडी घालण्यापूर्वी पकडलेली पिल्ले थेट फिशमीलच्या कारखान्यात जाऊन कोंबड्यांचे आणि कोळंबीचे खाद्य होत असतील, तर त्याला उत्पादन म्हणावे की बियाणे दळून खाणे म्हणावे? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली महाराष्ट्राचे सागरी मत्स्योत्पादन सुमारे २ लाख टनांवर आले. पंचेचाळीस वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे आली, मासेमारीचे दिवस बुडाले, हे खरे आहे. पण वादळ एका वर्षाचे असते. किनाऱ्यावरची घसरण त्याआधीपासून बोलली जात होती, आणि ती ऐकून न घेण्याचे निमित्त वादळाला करता येणार नाही.

सावरकर आणि दीनदयाळजी

या ठिकाणी आपल्याच विचारपरंपरेतून एक आक्षेप येईल. स्वातंत्र्यवीर सावरकर यंत्रयुगाचे खंदे पुरस्कर्ते होते. १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षे ते याच भूमीत, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते, आणि यंत्राला शाप मानणाऱ्यांवर त्यांनी कठोर टीका केली. मग आपण यंत्राविरुद्ध कसे बोलतो? या आक्षेपाला उत्तर दिलेच पाहिजे. सावरकरांनी यंत्राचे समर्थन करताना बेकारीचा दोष यंत्राचा नसून विषम वाटणीचा असतो, हेही तितक्याच स्पष्टपणे मांडले. म्हणजे यंत्राने निर्माण केलेले धन समाजात कसे वाटले जाते, हा प्रश्न त्यांनीच उपस्थित केला होता. शंभर घरांची मासळी एका रात्रीत एका नौकेत जाते, त्या वाटणीला सावरकरांच्या नावाने आशीर्वाद कसा मिळेल?

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईत एकात्म मानवदर्शनाची चार व्याख्याने दिली. त्यांत विश्वेश्वरय्यांचा आधार घेऊन त्यांनी सांगितले की माणूस, साधनसामग्री, पैसा, व्यवस्थापन, ऊर्जा, बाजारपेठ आणि यंत्र या साऱ्यांचा मेळ घालून उद्योगाचा विचार करावा लागतो. आज मात्र यंत्र आधी ठरते आणि बाकीच्या गोष्टी त्याच्या मापाने कापल्या जातात, ही त्यांची खंत होती. मालवणच्या किनाऱ्यावर नेमके हेच घडले. आधी यंत्र आले. मग त्या यंत्राला पुरेल इतका समुद्र नाही, हे कळले. मग समुद्र वाढवता येत नाही म्हणून माणसे कमी करण्यास सुरुवात झाली.

यंत्र नको, असे कोणीही शहाणा मच्छीमार म्हणत नाही. त्याच्या होडीलाही इंजिन आहे, हातात भ्रमणध्वनी आहे. त्याचे म्हणणे इतकेच आहे, की यंत्राला मर्यादा असावी आणि ती मर्यादा समाजाने आखावी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. गलबते बांधण्यास लाकूड हवेच. पण रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेल्या आंब्या-फणसाला हात लावू नये, आणि एखादे झाड घ्यावेच लागले तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. स्वराज्याच्या अस्तित्वाचा प्रश्न असताना ज्या राज्याने आपल्या आरमाराला एवढी मर्यादा घातली, त्या राज्याचे वारसदार म्हणवणाऱ्यांना एका नौकामालकाच्या नफ्याला मर्यादा घालता येऊ नये?

कायदा आहे, पण...

कायद्याची उणीव आहे, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१चा आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध आणले आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२पर्यंत खाली आणण्याचे धोरण स्वीकारले. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्र सरकारने एलईडीच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर अनन्य आर्थिक क्षेत्रात बंदी घातली. म्हणजे आपण १२ सागरी मैलांच्या बाहेर आहोत, ही पळवाटही बुजवली. २०२१ मध्ये राज्याचा कायदा दुरुस्त होऊन दंडाच्या रकमा लाखांच्या घरात गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये देवगडसह राज्याच्या किनाऱ्यावरील ९ ठिकाणांहून ड्रोनद्वारे गस्त सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णयही झाला. ही पावले स्वागतार्ह आहेत, आणि ड्रोनचे स्वागत तर विशेष, कारण यंत्र कायद्याच्या आणि समाजाच्या हाती असले म्हणजे रक्षकही होते, याचे ते उदाहरण आहे.

तरीही अमावास्येला दिवे पेटतात. का पेटतात, याचे उत्तर प्रामाणिकपणे शोधले तर बोट आपल्याकडेही वळते. आज केंद्रात आणि राज्यात आपल्या विचारांच्या नेतृत्वाखालील सरकारे आहेत. विरोधी बाकांवर असताना ज्या त्वेषाने आपण निष्क्रिय प्रशासनाचा समाचार घेत होतो, तो त्वेष आता मौनात का बदलावा? नौका पकडली जाते, दंड होतो, आणि काही दिवसांनी तीच नौका पुन्हा समुद्रात दिसते, तेव्हा तिच्यासाठी कोणीतरी दूरध्वनी केलेला असतो, अशी किनाऱ्यावर कुजबुज चालते. हा दूरध्वनी करणारा आपल्या उत्सवाला देणगी देणारा असेल, व्यासपीठावर पुढच्या रांगेत बसणारा असेल, तर त्याची देणगी परत करण्याचे धैर्य आपल्यात आहे काय? हा प्रश्न विरोधकांनी विचारण्यापूर्वी आपणच आपल्याला विचारला पाहिजे. संघटना ही समाजाच्या धारणेसाठी असते. सोयीच्या मौनासाठी नसते.

पारंपरिक मच्छीमारांनाही दोन शब्द सांगणे हे बंधुकर्तव्य आहे. नौकेला वेढा घालून पकडणे आणि यंत्रणेच्या स्वाधीन करणे निराळे. कायदा हाती घेऊन मारहाण वा जाळपोळ करणे निराळे. दुसऱ्या मार्गाने आपला न्याय्य पक्षच आरोपीच्या पिंजऱ्यात जातो. बारीक आसाची जाळी आपल्याही होड्यांवर आहेत, पेडव्या-बांगड्यांची पिल्ले आपल्याही टोपलीत येतात. ज्या मर्यादेची मागणी आपण दुसऱ्याकडे करतो ती आधी आपण पाळली, तर आपल्या शब्दाला वजन येईल. आणि शहरातील वाचकानेही बाजारात वीतभर लांबीच्या पापलेटाऐवजी बोटभर पिल्लू स्वस्तात मिळते म्हणून घेताना क्षणभर थांबावे. ते स्वस्त नसते. त्याची किंमत पुढल्या वर्षी वसूल होते.

किनारा ओस पडला तर

हा प्रश्न केवळ पोटाचा नाही, सीमेचाही आहे. १९९३ साली रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर स्फोटके उतरली. २००८ साली ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी नौका पळवून, तिच्यावरील खलाशांचे प्राण घेऊन, दहशतवादी मुंबईपर्यंत आले. आणि कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरलेल्या त्या अनोळखी तरुणांना पहिला प्रश्न तेथील कोळी बांधवांनीच विचारला. रडारला होडी दिसते. ती होडी कोणाची, हे मात्र किनाऱ्यावरचा माणूसच सांगू शकतो. प्रत्येक पाल, प्रत्येक इंजिनाचा आवाज ओळखणारी ही माणसे उपजीविका गमावून मुंबईच्या चाळींत आणि हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत गेली, तर १२१ किलोमीटरच्या सिंधुदुर्ग किनाऱ्यावर पहारा कोण देणार? ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन याच मालवणात थाटाने साजरा झाला. आरमाराच्या जनकाला ती मानवंदना योग्यच होती. परंतु आरमाराचा पाया असलेला दर्यावर्दी समाज खचत असताना केवळ मानवंदनेवर समाधान मानणे महाराजांना मानवले नसते.

म्हणून मागण्या मोजक्याच आहेत. २०१७ची एलईडी बंदी आणि २०१६चे पर्ससीन निर्बंध अक्षरशः अमलात यावेत. वारंवार गुन्हा करणाऱ्या नौकेचा परवाना कायमचा रद्द व्हावा. दिवे, जनरेटर आणि पर्ससीन सामग्री बंदरातच तपासली जावी, म्हणजे भर समुद्रातील पाठलागाची वेळच येणार नाही. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तीन राज्यांनी परस्परांच्या नौकांबाबत समान शिस्त ठरवावी. आणि जो भाऊ कर्जापायी मिनी पर्ससीनच्या फेऱ्यात अडकला आहे, त्याला ती सोडून सन्मानाने परत येण्यासाठी शासनाने आणि सहकारी संस्थांनी हात द्यावा. ही शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची. त्याला शत्रू ठरवून हा लढा जिंकता येणार नाही. यंत्राच्या दावणीतून तो सुटला, तरच समाज जिंकला असे म्हणता येईल.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी मोरयाच्या धोंड्याजवळ पूजन करून शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. लाटांच्या माऱ्यात चिरा सुटू नये म्हणून त्या पायात शिसे ओतले गेले. साडेतीन शतके उलटली, चिरे झिजले, पण सुटले नाहीत. आज किनाऱ्यावरील समाजाचा एकेक चिरा सुटा होत आहे. त्यांच्यामध्ये विश्वासाचे शिसे ओतण्याचे काम कोणतेही यंत्र करणार नाही. बटव्याची दोरी समाजाच्या हाती परत आली पाहिजे, आणि ती आणण्यासाठी रापणीच्या दोराला लागतात तसे सर्वांचेच हात लागले पाहिजेत.